स्वस्त सिने लेन्स घेताना पैसे कशाचे मोजायचे?

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’चे चित्रीकरण नागपुरात झाले आणि २०२२ मध्ये ते शहर मोठ्या पडद्यावर दिसले. तेवढा मोठा पसारा नसला तरी त्याच शहराच्या मनीषनगरातल्या एखाद्या फ्लॅटच्या बैठकीत चार मित्रांनी मिळून लघुपट करणे आता नवलाचे राहिलेले नाही. वापरलेला मिररलेस कॅमेरा परवडू लागला आहे. अडते ते लेन्सपाशी. बाजारात सॅमयांग, माइके, सेव्हन आर्टिझन्स, सिरुई अशा कंपन्यांच्या मॅन्युअल सिने लेन्स आहेत आणि मोठ्या निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या लेन्सच्या मानाने त्यांच्या किमती फारच कमी आहेत. पण खिशात एकाच लेन्सपुरते पैसे असतील तर ‘सिने’ या नावाखाली मिळणाऱ्या सगळ्या गुणांची किंमत मोजण्यात अर्थ नाही. पैसे मोजावेत ते एकाच गुणाचे: रिंग त्याच खुणेवर आणली की फोकस दर वेळी त्याच जागी आला पाहिजे.

सिने लेन्समध्ये वेगळे काय असते? उजेडाचे आकडे ‘एफ’ऐवजी ‘टी’मध्ये दिलेले असतात, म्हणजे काचेतून प्रत्यक्षात किती प्रकाश पार होतो ते मोजून लिहिलेले असते. एका संचातल्या लेन्सचा पुढचा व्यास बहुधा सारखा असतो आणि रंगछटाही जुळवलेली असते. हे तिन्ही गुण उपयोगाचे खरे, पण दृश्यागणिक लेन्स बदलणाऱ्याला. ज्याच्याकडे लेन्सच एक आहे, त्याने ती जुळवायची कशाशी? त्याच्या कामाचे गुण वेगळे आहेत. फोकसची रिंग २७० अंशांच्या आसपास फिरते, दोन्ही टोकांना ठामपणे थांबते, अंतराचे आकडे तिच्यावर कोरलेले असतात आणि छिद्र टिकटिक न करता सावकाश उघडते-मिटते. ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्समध्ये हाताने फोकस करताना रिंग फक्त मोटारीला इशारा देते. ती भरभर फिरवली तर फोकस एका ठिकाणी जातो आणि हळू फिरवली तर दुसऱ्याच. अशा रिंगवर खूण करून उपयोग नसतो. खूणच नसेल तर दाराकडून खिडकीपर्यंत चालत येणारे पात्र तीन टेकमध्ये तीन तऱ्हांनी धूसर होते.

जाहिराती मात्र भर देतात तो टी-१.२ वर आणि विरघळलेल्या पार्श्वभूमीवर. इथे गणित पाहावे. सुपर ३५ आकाराच्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स टी-१.२ वर उघडली आणि पात्र दोन मीटरवर असेल, तर नेमका फोकस राहतो जेमतेम तीन इंचांत. २.८ वर तोच पट्टा सात इंचांच्या घरात जातो. फोकस सांभाळणारा वेगळा माणूस (फोकस पुलर) नसलेल्या चमूत नट जरा पुढे झुकला की तीन इंच संपतात. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मधली मेणबत्तीच्या उजेडातली दृश्ये एफ-०.७ च्या झाइस लेन्सवर टिपली. तेव्हा नटांच्या हालचालींवर बंधने आली, आणि फोकस सांभाळायला बाजूने व्हिडिओ कॅमेरा लावून अंतरावर नजर ठेवावी लागली. नागपूरच्या उन्हात तर प्रश्न उलटाच असतो. आयएसओ ८०० आणि शटर १/५० धरले, तर भर दुपारी २.८ वर चित्रीकरण करायला सुमारे नऊ स्टॉप उजेड कापावा लागतो. म्हणून टी-१.२ साठी लागणारे जादा पैसे उजेड कापणाऱ्या चांगल्या एनडी फिल्टरला द्यावेत आणि उरतील ते मायक्रोफोनला.

लांबीचा निर्णयही खोली बघून घ्यावा. सुपर ३५ सेन्सर सुमारे २४ मिमी रुंद असतो. त्यामुळे २४ मिमीच्या लेन्सला दहा फुटांवरून दहा फूट रुंदीची भिंत दिसते, ३५ ला सुमारे सात फूट आणि ५० ला पाच फुटांहूनही कमी. दहा बाय बाराच्या बैठकीत ५० मिमी लावली तर दोन माणसे शेजारी बसवणेही अवघड. अशा घरात चित्रपट करायचा तर पहिली लेन्स ३५ मिमीची असावी.

यावर पहिला आक्षेप असा की आजचे ऑटोफोकस माणसाच्या हातापेक्षा अचूक आहे. मुलाखतीला किंवा लग्नाच्या चित्रीकरणाला ते खरेच आहे. पण बोलणाऱ्या मुलावरून गप्प ऐकणाऱ्या आईवर नजर कधी वळवायची, हे यंत्राला चेहरा ओळखता येतो म्हणून कळत नाही. तो निर्णय दिग्दर्शकाचा असतो. दुसरा आक्षेप भाड्याचा: विकत कशाला, चार दिवस भाड्याने आणा. शेवटच्या चित्रीकरणासाठी जरूर आणावी, पण फोकसचा हात रोजच्या सरावाने बसतो आणि सरावासाठी कोणी रोजचे भाडे भरत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. निकॉनची जुनी मॅन्युअल ५० किंवा ३५ मिमी लेन्स याहून स्वस्तात मिळते. मग सिने लेन्स हवीच कशाला? हे बरेचसे मान्य करावे लागते. तिची रिंग खरोखर काच सरकवते आणि टोकाला थांबतेही. फेरा लहान आणि छिद्राला खटके, एवढ्याच उणिवा. पैसे अगदीच तोकडे असतील तर तीच घ्यावी. माझ्या म्हणण्याला त्याने बळकटीच येते, कारण मोल ‘सिने’ या शिक्क्याचे नसून खुणेशी इमान राखणाऱ्या यांत्रिक रिंगचे आहे.

माउंटचा विचारही आधीच करावा. कॅनन ईएफ माउंटची लेन्स सेन्सरपासून ४४ मिमीवर बसते, सोनी ई ची १८ मिमीवर. म्हणून ईएफची लेन्स अडॅप्टर लावून सोनीच्या मिररलेसवर चालते, उलटे मात्र जमत नाही. कॅमेरा काही वर्षांनी बदलणार, लेन्स बदलण्याचे कारण नाही.

खरेदीच्या वेळी परीक्षा सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून एका वस्तूवर फोकस करावा, रिंगवर चिकटपट्टीची खूण लावावी, रिंग दोन्ही टोकांना फिरवून दोन्ही बाजूंनी पुन्हा खुणेवर आणावी आणि चित्र मोठे करून पाहावे. असे दहा वेळा करावे. दहाही वेळा वस्तू रेखीव दिसली तर लेन्स घ्यावी. नाही दिसली तर तिच्यावर टी-१.२ लिहिलेले असले तरी पैसे खिशातच ठेवावेत.