परिभाषा आणि प्रक्रिया

संगणकाच्या अंतर्व्यवहाराविषयी भारतीय भाषांत लिहिताना इंग्रजी शब्दासमोर एक संस्कृत शब्द ठेवला की कार्य सिद्धीस गेले, अशी समजूत आढळते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कोशांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु संज्ञा हे कृतीचे नाव असते. कृती न पाहता दिलेले नाव अर्थ झाकते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, जोडलेली उपकरणे कशी ओळखतो आणि निजवतो, हे या दृष्टीने उद्बोधक आहे.

उपकरणांना जोडणाऱ्या मार्गाला ‘बस’ व त्यावरील शोधाला ‘एन्यूमरेशन’ म्हणतात. ‘गणना’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. वस्तुतः येथे मोजणे गौण आहे. पीसीआय बसवर उपकरणांसाठी ३२ स्थाने असतात. कर्नल प्रत्येक स्थानी उत्पादकाचा क्रमांक विचारतो. स्थान रिकामे असल्यास उत्तरात सोळाही द्विमान अंक १ येतात आणि अनुपस्थिती कळते. ही हजेरी होय. युनिव्हर्सल सीरियल बसची रीत निराळी. तेथे नवागत उपकरण शून्य या पत्त्यावर उत्तर देते. यजमान त्यास १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो, त्याचे वर्णन वाचतो व त्याला चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नेमतो. ही नोंदणी होय. या बसच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार नोंदणी पूर्ण होईपर्यंत उपकरणास बसमधून १०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घेता येते. नंतर ५०० पर्यंत. इंग्रजीने एका शब्दात मिटविलेला भेद मराठीतील दोन नित्याचे शब्द उघड करतात.

वीजव्यवस्थापनाचेही तसेच. यंत्र निद्रिस्त करताना कर्नल आधी बसवरील उपकरणे निजवतो, मागाहून बसचा नियंत्रक. जागे करताना क्रम उलटा. उपकरणास निरोप नियंत्रकामार्फतच पोहोचतो. तोच आधी निजला तर इतरांना आज्ञा पोहोचविणार कोण? २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत सर्व उपकरणांचा एकच वृक्ष रचला गेला, त्यामागे हा क्रम साधणे हे एक प्रमुख कारण होते. इंग्रजी परिभाषा या नात्याला आईबाप आणि मूल म्हणते. त्याचे ‘जनक-अपत्य’ करणे सोपे आहे. पण नियंत्रक उपकरणास जन्म देत नाही, त्याचा सांभाळ करतो. म्हणून ‘पालक’ व ‘पाल्य’ हेच शब्द यथार्थ ठरतात. मुले निजल्यावर निजणारी आणि त्यांच्याआधी उठणारी माउली ज्याने पाहिली, त्याला हा क्रम पाठ करावा लागणार नाही.

संस्कृत संज्ञांमुळे अखिल भारतीय एकरूपता साधते, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. पण ‘हजेरी’ अरबीतून आली, आणि तिची रूपे हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड व तेलुगू या भाषांतही रुळली आहेत. एकरूपतेचा वारसा केवळ संस्कृतापाशी नाही.

परिभाषाकाराने कोश उघडण्यापूर्वी यंत्र काय करते हे विचारावे. अन्यथा विद्यार्थ्याला दोन परके शब्द पाठ होतील, आणि प्रक्रिया मात्र दोन्ही भाषांत अज्ञातच राहील.