ओलावा मोजण्याचें हातयंत्र

सोयाबीन विकावयास नेणारा शेतकरी वजनाच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. परंतु शेजारच्या ज्या वीतभर यंत्राच्या एका आंकड्यावर माल घ्यावयाचा कीं परत पाठवावयाचा हें ठरतें, त्याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. हें बदललें पाहिजे.

हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनचा ओलावा शेंकडा १२ पर्यंत चालतो, असा नियम आहे. सन २०२४ च्या हंगामांत हमीभाव क्विंटलीं ४८९२ रुपये असतां केंद्र सरकारनें नोव्हेंबरांत ही मर्यादा १५ पर्यंत वाढविली होती. आतां हिशेब पाहा. शेंकडा १५ ओलाव्याच्या १०० किलो मालांत कोरडा अंश ८५ किलो. तोच माल वाळून १२ वर आला म्हणजे वजन सुमारें ९६ किलो ६०० ग्रॅम भरतें. म्हणजे न्याय्य घट साडेतीन किलोंहूनही किंचित् कमी. वाळवणीचा खर्च कोणास लावावयाचा असेल तर तो निराळा दाखवावा. ओलाव्याच्या नांवाखालीं पांच-पांच किलो कटती घेणें हा व्यवहार नव्हे.

पण मूळ आंकडाच खरा कशावरून? हीं यंत्रें पाणी मोजीत नाहींत, वीज मोजतात. कांहींत दाणे पेल्यांत स्क्रूनें आवळून चिरडतात व त्यांतून वीज कितपत वाहते हें पाहतात. कांहींत दाणा अखंडच राहतो. दोहोंतही यंत्र त्या पिकासाठीं लावलेलें नसेल, किंवा दाणा उन्हानें तापलेला असेल, तर आंकडा चुकूं शकतो. नमुना वजन करून, भट्टींत वाळवून पुन्हां वजन करणें हीच खरी कसोटी, व यंत्र तिच्याशीं वेळोवेळीं ताडलें पाहिजे. महसूल खात्यांतील मोजणीची ३३ फुटी साखळीसुद्धां कड्या झिजून लांबत असे, आणि लांबलेल्या साखळीनें जमीन कमी भरे! लोखंडाची ही गत, तर नाजूक यंत्राची काय कथा?

आमची सूचना अशी कीं, दहा-पंधरा खातेदारांनीं मिळून असें एक यंत्र घ्यावें. माल गाडींत भरण्यापूर्वीं पोत्याच्या तोंडचे, मधले व बुडचे दाणे निरनिराळे मोजून सरासरी टिपून ठेवावी. खरेदी केंद्रावरील आंकड्यांत व घरच्या आंकड्यांत एकाहून अधिक अंतर पडल्यास दुसरी मोजणी मागावी, आणि तो आंकडा पावतीवर लिहून घ्यावा.