रात्रीच्या बाजारात आपण काय करायचं?



व्हिएतनामहून आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "अगं, तिथे खाल्लंस काय?" खरं उत्तर द्यायचं तर आधी एक चूक कबूल करते.

आम्ही होई आन या जुन्या गावात होतो. दुपारी एका खानावळीत नाळीची भाजी आणि भात मागवला. "यात मांस नाही ना?" मी विचारलं. बाईंनी "नाही" म्हटलं. पोटभर जेवले. नंतर मुलीने चौकशी केली तेव्हा कळलं, भाजीत 'नुक माम' होतं. म्हणजे मासळी मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी! मला रडूच आलं. संध्याकाळी आलोचना केली. पण बाईंना दोष कसा देऊ? आपण मीठ घालतो तितक्या सहज तिथे ते घालतात. माझा प्रश्नच अपुरा होता.

तिथे विचारायचा शब्द आहे 'चय', म्हणजे बौद्धांचं शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथली कितीतरी घरं चय पाळतात, आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारखं. काटेकोर पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. मात्र मश्रूम आणि कंदमुळं चालतात, म्हणून ती नकोत हे वेगळं सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. त्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. सूर्यास्तापूर्वी चय खानावळीत टोफू-भात जेवून आम्ही पूल ओलांडून आन होईच्या रात्रबाजारात गेलो. निखाऱ्यावर मांसाच्या काड्या, अंडं आणि सुकी कोळंबी घालून भाजलेले तांदळाचे पापड, उसाच्या रसाच्या गाड्या. आमच्यातल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला आणि मोठ्याने "शी!" म्हणाल्या. गाडीवरची मुलगी जेमतेम वीस वर्षांची असेल. तिला मराठी कळत नव्हतं, चेहरा मात्र कळला. तिने मान खाली घातली.

माझं स्पष्ट मत आहे, माझ्या पोटात गेलेले थेंब अजाणता गेले. ती "शी" जाणूनबुजून होती. अहिंसा ताटात पाळायची आणि चेहऱ्यावर सोडायची, हे कसं चालेल? नियमात तसूभरही सूट घेऊ नका, चार वेळा विचारा, शंका आली तर उपाशी राहा. पण आपला नियम दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नका.

"आई, खायचं नाही तर इथे आलोच कशाला?" मुलीने विचारलं. मी त्या रात्री पाणीसुद्धा घेतलं नाही. कंदील पाहिले आणि एका आजींकडून किलोभर रामबुतान घेतली. सकाळी सूर्योदयानंतर दोन घटकांनी आम्ही दोघींनी ती सोलून खाल्ली. बाजार रात्रीचा, चव सकाळची!