विमानं बघायला एक जागा हवी

विमानतळाच्या भिंतीजवळ गळ्यात कॅमेरा अडकवून, मान वर करून उभा असलेला माणूस दिसला की आपल्याकडे त्याच्याबद्दल दोनच अंदाज बांधले जातात. एक तर याला काही उद्योग नाही, नाहीतर याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. तिसरीही एक शक्यता असते, पण ती सहसा कुणाला सुचत नाही. त्याला विमानं आवडतात. बस्स, एवढंच.

शिवडीला फ्लेमिंगो बघायला दुर्बीण घेऊन पहाटे जाणाऱ्याला आपण कौतुकाने पक्षिनिरीक्षक म्हणतो. रेल्वे इंजिनांचा नाद असलेले लोकही आता आपल्याला ओळखीचे झालेत. मग विमानांनीच काय घोडं मारलंय? खरं तर हा छंद पक्षिनिरीक्षणासारखाच आहे. जात ओळखायची (नाकाच्या आकारावरून, इंजिनांवरून, पंखांच्या टोकावरून), शेपटीकडे लिहिलेला नोंदणी क्रमांक टिपायचा, आणि एखादा दुर्मिळ पाहुणा आला की दिवसभर खूश राहायचं. आपल्या विमानांचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो, हे ज्याला माहीत आहे त्याला एकदा हा नाद लागला की सुटत नाही.

तर मंडळी, आज लिहायचंय ते या छंदासाठी लागणाऱ्या जागेबद्दल. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. विमानं बघायची चांगली जागा शोधणं हे हौशी माणसावर सोडून देण्यासारखं काम नाही. ती जागा विमानतळानेच करून द्यायला हवी, आणि त्यात विमानतळाचाही फायदा आहे.

आधी चांगली जागा म्हणजे काय ते बघू. पहिली गोष्ट वारा. विमान उतरतं आणि उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. मुंबईची मोठी धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिची दोन टोकं म्हणजे ०९ आणि २७. हे आकडे होकायंत्राचे, शेवटचं शून्य गाळलेले. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, त्यामुळे विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या बाजूला उडून जातात. एवढं कळलं की निम्मी जागा सापडली.

दुसरी गोष्ट ऊन. वर्षातला बराचसा काळ सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, म्हणून पूर्व-पश्चिम धावपट्टीच्या दक्षिणेला उभं राहिलं तर विमानाच्या अंगावर प्रकाश पडतो. उत्तरेला उभे राहिलात तर हाती येते काळी सावली. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, पण तेव्हा एक तर घामाच्या धारा असतात नाहीतर पावसाच्या. भर दुपारी तसाही काही उपयोग नाही. तापलेल्या डांबरावरून हवा थरथरत असते आणि पंचवीस हजारांची लेन्स असो की अडीच लाखांची, फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन, हीच खरी वेळ.

तिसरी गोष्ट उंची. कुंपण आणि त्यावरची काटेरी तार फोटोत येऊ नये इतपत उंच उभं राहता आलं पाहिजे. आणि चौथी, जी लोक विसरतात, ती म्हणजे अंतर. जितकं जवळ तितकं चांगलं, हा समज धोक्याचा आहे. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर माहो नावाचा किनारा आहे, तिथे विमानं अक्षरशः डोक्यावरून उतरतात. धावपट्टीच्या टोकाला जाळीचं कुंपण आहे, ते धरून जेटच्या झोतात उभं राहायचा खेळ लोक खेळायचे. जुलै २०१७ मध्ये त्या झोताने फेकली जाऊन एक बाई दगावली. चांगली जागा म्हणजे जिथून विमान नीट दिसतं आणि माणूस धडपणे घरी येतो ती.

आता हे चारही निकष लावून मुंबईत जागा शोधा बरं. कुर्ल्याकडच्या टोकाला जरीमरी आहे. घरांना घरं चिकटलेली, आणि त्यांच्यावरून विमानाचं पोट इतकं खालून जातं की चाकं मोजता यावीत. तिथल्या एखाद्या गच्चीवरून जे दिसतं ते जगात फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. पण ती गच्ची कुणाच्या तरी घराची आहे. ओळख हवी, परवानगी हवी, आणि त्या घरातल्या माणसांना उद्या कुणी चौकशीला बोलावणार नाही याची खात्री हवी. ती खात्री कोण देणार?

दुसरी जागा जुहूची चौपाटी. संध्याकाळी सगळी दुनिया समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त बघत असते, तेव्हा तुम्ही समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं! पूर्वेकडून विमान चढत येतं आणि मावळतीचं ऊन सरळ त्याच्या नाकावर पडतं. विमान इथवर येईतो बरंच वर गेलेलं असतं, त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स लागते, पण जागा मोकळी आहे, सार्वजनिक आहे, शेजारी भेळ आहे. शिवाय जुहूचा मान वेगळाच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथल्याच जुहूच्या विमानतळावर.

तिसरी सोय म्हणजे विमानतळाशेजारच्या हॉटेलांतली धावपट्टी दिसणारी खोली. म्हणजे बघा, हजारो रुपये मोजले तर तेच दृश्य काचेतून चहा पीत बघता येतं, आणि भिंतीबाहेरच्या शाळकरी पोराने तेच बघितलं तर त्याला हटकलं जातं. सुरक्षेचा प्रश्न भाडं भरल्यावर सुटतो, असं काही आहे का?

पुणे आणि दाबोळीबद्दल मी काही सुचवणार नाही. लोहगाव हवाई दलाचं आहे, दाबोळी नौदलाचं. तिथे कॅमेरा बाहेर काढूच नये. ते बंधन मला पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं आहे ते फक्त नागरी विमानतळांबद्दल.

या बाबतीतले आपले नियम तसे जुनेच. १९३७ च्या विमान नियमावलीतल्या तेराव्या नियमाने विमानतळाच्या आत आणि उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई केली. पुढे डिसेंबर २००४ मध्ये प्रवाशांना विमानातून फोटो काढायची सूट मिळाली. म्हणजे खिडकीत बसलेल्याची सोय झाली. बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्याचं काय, ते मात्र त्या दिवशी बंदोबस्ताला जो कोणी असेल त्याच्या मनावर!

आणि हा संशय काही आपलीच मक्तेदारी नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. एप्रिल २००२ मध्ये शिक्षा झाली, नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. तो लष्करी तळ होता, म्हणून तो संशय एक वेळ समजू शकतो. पण फेब्रुवारी २०१० मध्ये दोन ब्रिटिश गृहस्थांनी दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली, वैमानिकांचं बोलणं ऐकायचं यंत्र जवळ ठेवलं, आणि तेही अटकेत गेले. जवळजवळ दोन महिने अडकून, दंड भरून मग घरी परतले. परवान्याशिवाय ते यंत्र बाळगणं नियमात बसत नाही, हे खरं. पण दोन महिने?

याउलट उदाहरणं बघा. वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या भाचेमंडळींना ग्रॅव्हली पॉइंट माहीत असेल. पोटोमॅक नदीकाठचं हे मैदान रेगन विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापासून काहीशे फुटांवर आहे. लोक सतरंज्या टाकून, पोराबाळांना घेऊन, डबे उघडून बसतात आणि विमानं डोक्यावरून जातात. व्हाइट हाउस तिथून जेमतेम पाच किलोमीटर! म्युनिकला विमानतळाने खास बघ्यांसाठी टेकडी केली आहे आणि पायथ्याशी जुनी विमानं मांडली आहेत. मँचेस्टरला धावपट्टीशेजारी बाग आहे, तिथे निवृत्त कॉन्कॉर्ड ठेवलंय. टोकियोच्या हानेदाला टर्मिनलच्या गच्च्याच खुल्या आहेत, त्याही फुकट. या देशांना सुरक्षेची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे, असं कोण म्हणेल?

आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. सांताक्रूझला कुणाला निरोप द्यायला गेलं की तिकीट काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत जायचं आणि विमान ठिपका होईपर्यंत हात हलवायचा, ही आठवण एका पिढीकडे आहे. आता निरोप दाराशी, गाडी लावायला जागा नाही म्हणून तोही घाईघाईत.

आता सुरक्षेचा मुद्दा, कारण तो टाळून चालणार नाही. ज्याला खरोखर वाईट हेतूने टेहळणी करायची आहे, तो गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून दिवसाढवळ्या उभा राहील का? कुठलं विमान कुठे आहे हे फ्लाइटरडार२४ वर घरबसल्या दिसतं. उलट रोज तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाला तिथलं वेगळेपण आधी दिसतं. कॅनडात ओटावा आणि टोरंटोच्या विमानतळांवर याच लोकांचे 'एअरपोर्ट वॉच' नावाचे स्वयंसेवक गट आहेत. काही खटकलं की ते कळवतात. संशयिताला पहारेकरी करून टाकलं, मला तर हा शहाणपणा वाटतो.

या लोकांच्या फोटोंचं मोल वेळ आल्यावरच कळतं. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याची कैदी वाहून नेणारी विमानं पत्रकारांनी शोधून काढली, त्यात अशा हौशी लोकांनी टिपलेले क्रमांक कामी आले. आणि गेल्याच वर्षी, १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्या शेवटच्या क्षणांचं जे चित्रण सगळ्या जगाने पाहिलं, ते जवळच्याच एका गच्चीवरून एका मुलाने मोबाइलवर सहज घेतलेलं होतं. त्याला विमानं बघायची होती, इतकंच. पुढे काय झालं? त्याला अटक झाल्याची अफवा उठली. अटक नाही, फक्त साक्षीदार म्हणून जबाब घेतलाय, असा खुलासा पोलिसांना करावा लागला. अफवा उठली हे मला फार बोलकं वाटतं. विमानाकडे कॅमेरा रोखणाऱ्याला पोलीस नेतील, हे आपण किती सहज खरं मानलं!

आणखी एक कारण आहे, ते जरा हळवं आहे. आपल्याकडच्या विमान कंपन्या फार लवकर जातात. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. त्या शेपट्या आता आकाशात दिसणार नाहीत. एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोका', १९७१ ला आलं. शेवटचं ७४७ मुंबईहून कायमचं उडालं ते २२ एप्रिल २०२४ ला. उडाल्यावर वैमानिकाने पंख हलवून शहराचा निरोप घेतला. ते दृश्य आपल्याकडे आहे, कारण तेव्हा कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं होतं. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की या शहराच्या आकाशात काय उडत होतं, तर याच लोकांचं दप्तर उघडावं लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवी मुंबईच्या विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. अजून तिथलं बरंच काम व्हायचं आहे. त्यातच एक लहानसा उंचवटा करा. जागा निवडताना ऊन कुठून येतं तेवढं बघा. माथ्यावर पत्रा, बसायला बाक, एक स्वच्छतागृह, झाकणाचे कचऱ्याचे डबे (उघड्या खरकट्यावर घारी येतात आणि घारी विमानांना नको असतात). दारात ओळखपत्र बघा, नाव लिहून घ्या, चार कॅमेरे आमच्यावरही लावा. पन्नास रुपये तिकीट ठेवा, शाळेच्या सहली आल्या तर माफ करा. जो दार उघडून, नाव लिहून आत येतो, त्याच्यावर लक्ष ठेवणं सोपं, की जो झाडामागे, पुलावर, परक्या गच्चीवर लपून उभा राहतो त्याच्यावर?

पोराला विमान दाखवायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागू नये, इतकंच म्हणणं आहे. असो. तुमच्या गावात विमानं बघायला बरी जागा असेल तर जरूर कळवा. फक्त कुणाच्या गच्चीची असेल, तर आधी त्या घरातल्यांना विचारा.