गोळीवर रुसू नका

दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्याकडे वैद्यकीचा सल्लाही फुकट मिळतो. "गोळीने थकवा येतो? मग बंद करा ती!" कल्याण-ठाणे लोकलमध्ये असे धन्वंतरी मला रोज भेटतात.

डोंबिवलीतील आमच्या एका शेजाऱ्यांनी हा सल्ला मानला आणि मेटोप्रोलोल सोडले. चौथ्या दिवशी गाडीतच छातीत कळ आली. ठाण्याला उतरवून इस्पितळात नेले, म्हणून वाचले. ही गोळी एकाएकी थांबवली, तर हृदयावरचा ताण उलट वाढतो.

औषधांचा त्रास खोटा नसतो. रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि तिची कीर्ती जगभर झाली. पुढे तिच्यातील रिसर्पिनमुळे काही रोग्यांत उदासीनता आढळली, तेव्हा मात्रा कमी करण्यात आली. रोग्यांनी तोंड उघडले, म्हणूनच हे कळले ना?

तेव्हा वाचकहो, त्रास कधी व गोळीनंतर किती वेळाने झाला, ते वहीत टिपा. सांधेदुखीच्या गोळ्या आणि काढेही त्यात लिहा, अन् वही डॉक्टरांपुढे ठेवा. ते मात्रा बदलतील. खोकला असेल तर लोसार्टनसारखी दुसरी गोळी देतील. मात्र ओठ-जीभ सुजली, शुद्ध हरपली किंवा शौच काळे झाले, तर वही राहू द्या, तडक इस्पितळ गाठा.

पाहुण्यांना चकल्या वाढा; सल्ला मात्र डॉक्टरांचाच घ्या.