कुऱ्हाड ठेवावी, करवत घ्यावी

कापसाचा शेवटचा वेचा झाला की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी पुढील पावसाळ्याच्या सरपणाची तजवीज सुरू होते. पऱ्हाटी आणि तुराटी घरोघरी असते. परंतु ती भरकन जळते, सतत सारावी लागते आणि त्यामुळे घरातील स्त्रीला चुलीपुढून उठता येत नाही. म्हणून धुऱ्यावर वा पडीक तुकड्यावर लावलेल्या सुबाभूळ, बाभूळ, कडुनिंबाच्या लाकडाचे मोल अधिक. सरपण आपल्याच शिवारात असले की जंगलाची वाटही धरावी लागत नाही. 2018 साली राळेगाव-पांढरकवडा परिसरात वाघिणीच्या भीतीने शेतात जाणेही धास्तीचे झाले होते, हे तेथील वाचक विसरले नसतील.

हे काम अनेक घरांत ज्येष्ठच करतात. वय झाल्यावर त्यांना थांबवावे का, असा प्रश्न मुलांना पडतो. आमचे मत असे की, काम थांबवू नये, त्याची वाटणी बदलावी. कोणते झाड राखावे आणि कोणते काढावे, हे वर्षानुवर्षे शिवार पाहिलेल्या माणसाइतके कोणाला कळणार? ती निवड त्यांनी करावी, बारीक फांद्या त्यांनी कापाव्यात; झाड पाडणे, ओंडके फोडणे आणि वाहून नेणे तरुणांनी पत्करावे.

तोडीसाठी जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस सोयीचे. सुबाभूळ जमिनीपासून वीतभर उंचीवर तिरकस कापल्यास बुंध्यावर पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. त्यांतील दोन-तीन जोमदार कोंब राखले तर काही वर्षांनी पुन्हा सरपण मिळते. दरवर्षी थोडीच झाडे तोडावीत. साग, मोह, आंबा, चिंच ही झाडे मात्र स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडू नयेत.

ज्येष्ठांनी कुऱ्हाडीपेक्षा धारदार करवत वापरावी. कुऱ्हाडीच्या घावाने खांदा व कंबर हिसकली जाते, घाव चुकला तर नडगीवर येतो. लाकूड कमरेइतक्या उंच घोडीवर ठेवून कापल्यास वाकावे लागत नाही. बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे हवेतच. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते व बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन तळवे पाहावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कापण्याचे काम इतरांकडे सोपवावे.

सूर्योदयानंतर काही खाऊन कामाला लागावे, ऊन तापण्यापूर्वी परतावे आणि एकट्याने कधीही जाऊ नये. डोक्यावरची मोळी आता नकोच. ठिसूळ झालेल्या मणक्यांना तो भार सोसत नाही. बंडी किंवा सायकल वापरावी. छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अकारण दम किंवा घाम जाणवल्यास तत्क्षणी काम थांबवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ओले लाकूड लगेच जाळू नये. त्यातील पाणी आटवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते आणि धूर वाढतो. दमा व जुनाट खोकला असलेल्यांना तो फार बाधतो. ओंडके ओले असतानाच फोडावेत, कारण वाळल्यावर ते फुटता फुटत नाहीत. दगडांवर वीतभर उंच रचून उन्हाळाभर वाळवावेत. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की सरपण तयार झाले असे समजावे.

हा ढीग घराच्या भिंतीला लागून नसावा. घोणस, मण्यार, नाग अशा जागी आसरा घेतात. लाकूड उजेडात, काठीने हलवून मगच उचलावे. दंश झालाच तर हात-पाय आवळून बांधू नये, जखम कापू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

काळजीवाहकांना एक विनंती. वडिलांच्या हातून काम काढून घेण्याआधी त्यांना धुऱ्यावर न्यावे आणि यंदा कोणते झाड काढायचे, ते विचारावे. ते दाखवतील तेच तोडावे.