डिस्क पळत होती, सॉफ्टवेअर अडवत होतं : लिनक्सने स्टोरेजचा वेग कसा वाढवला?

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की मशीन पळायला लागतं, हे आता गल्लीतला रिपेअरवालाही सांगतो. पण एसएसडी वेगवान झाल्यावर एक वेगळीच अडचण समोर आली. आता हळू कोण होतं? तर डिस्क आणि प्रोसेसर यांच्या मधलं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्यावरचा ब्लॉक लेयर.

तुम्ही लिनक्स वापरत नाही म्हणाल, पण अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हरही. त्यामुळे हा विषय आपलाच आहे.

आधी जुनी गोष्ट. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरी मारायला ८ मिलिसेकंदांहून जास्त घेते. प्रोसेसरच्या हिशेबाने हा काळ म्हणजे युगच. मग सॉफ्टवेअरने थोडा वेळ खर्चून आलेल्या मागण्या नीट क्रमाने लावल्या, तर डिस्कचं डोकं कमी फिरायचं आणि एकूण फायदा व्हायचा. लिफ्ट जशी वर जाताना वाटेतले सगळे मजले घेते, तसं. या पद्धतीला नावच 'एलिव्हेटर' पडलं.

एसएसडीत मात्र फिरणारं काहीच नाही. उत्तर मायक्रोसेकंदांत येतं. इथे क्रम लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

एकच रजिस्टर, साठ कारकून

खरी गोम रांगेत होती. एका डिव्हाइससाठी एकच रांग आणि त्या रांगेला एकच कुलूप. सरकारी ऑफिसात साठ कारकून बसवले, पण आवक-जावकचं रजिस्टर एकच ठेवलं, तर काय होईल? प्रत्येकजण रजिस्टर मोकळं व्हायची वाट बघेल. वर ते या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यातच दिवस जाईल. प्रोसेसरचे कोर वाढले, तसं नेमकं हेच झालं. २०१३ मध्ये येन्स आक्सबो आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की डिस्क कितीही चांगली लावा, कोर कितीही वाढवा, लिनक्स सेकंदाला ८ लाख मागण्यांच्या आसपास अडकतो.

हार्डवेअर तोवर पुढे गेलं होतं. साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीत एक रांग आणि तीत ३२ मागण्या. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईमध्ये जवळपास ६५ हजार रांगा, प्रत्येकीत साधारण तेवढ्याच मागण्या. एवढ्या कोणी वापरत नाही, पण प्रत्येक कोरला स्वतःची रांग मिळते, आणि तेच हवं होतं.

जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१३ मध्ये 'ब्लॉक मल्टिक्यू' दाखल झालं. प्रत्येक कारकुनाला आपलं रजिस्टर. ऐकायला सोपं वाटतं, पण जुनी पद्धत पूर्ण काढायला मार्च २०१९ उजाडला. मधे २०१७ मध्ये जुन्या स्कझी ड्रायव्हरांसाठी नवी पद्धत आपोआप चालू करायचं ठरलं, तर काही मशीन उलट मंदावली. बदल मागे घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणावा लागला. फिरत्या डिस्क जगातून गेल्या नव्हत्या ना!

गंमत बघा, जुन्या पद्धतीसोबत जो 'सीएफक्यू' शेड्यूलर कायमचा गेला, तो आक्सबो यांनीच लिहिला होता.

दुधासमोर उभं राहायचं की नाही?

रांगा सुटल्यावर पुढचा खर्च दिसला. काम झालं की डिस्क प्रोसेसरला 'इंटरप्ट' पाठवते, म्हणजे बेल वाजवते. उत्तरच काही मायक्रोसेकंदांत येणार असेल, तर हातातलं काम सोडून बेलकडे धावणं महाग पडतं. त्यापेक्षा दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहिलेलं बरं. याला पोलिंग म्हणतात. तोटा उघड आहे. उभं राहणारा कोर दुसरं काहीच करत नाही.

२०१९ मध्येच 'आयओ-यूरिंग' आलं. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात सामायिक मेमरीतल्या दोन गोल रांगा, एक मागण्यांची, एक उत्तरांची. दर मागणीला कर्नलचं दार ठोठावायची गरज संपली. २०२१ मध्ये आक्सबो यांनी एका कोरवर सेकंदाला १ कोटी मागण्यांचा आकडा गाठला. अर्थात तो खास चाचणीतला, पोलिंग लावून, इंटेलच्या महागड्या ऑप्टेन डिस्कवरचा. तुमच्या मशीनवर तो दिसणार नाही. ऑप्टेनचा धंदाच इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला.

शिवाय या वेगाची किंमत निघाली. जून २०२३ मध्ये गूगलने सांगितलं की कर्नलमधल्या त्रुटी शोधणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या नोंदींपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगमधल्या होत्या. कंपनीने क्रोमओएसवर आणि आपल्या सर्व्हरवर ते बंद केलं.

फोनचं काय? २०२२ मध्ये ठरलेल्या यूएफएस ४.० मध्ये फोनच्या स्टोरेजलाही अनेक रांगा मिळाल्या, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरने त्या वापरायला सुरुवात केली. आयओ-यूरिंग मात्र अँड्रॉइडने साध्या ॲपना बंदच ठेवलं आहे.